गोधडी मध्ये फुगते, लोणच्यावर बुरशी येते, आमरसाची बाटली फुगते: तिन्हींचं एकत्र उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या घरी राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तीन कामं केली. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, वरून पॉलिस्टरचं कापड आणि खालून नवी कोरी चादर लावली; ती मध्ये फुगली आणि पहिल्या धुण्यात तिला चुण्या पडल्या. दोन किलो कैरीचं लोणचं घातलं, श्रावणात त्यावर पांढरं आलं. आमरस उकळून जॅमच्या जुन्या बाटल्यांत भरला, त्यातल्या तीन बाटल्यांची झाकणं फुगली. या उन्हाळ्यात काय बदलायचं?

तिन्हींत गोंधळ पाण्यापाशी झाला आहे. गोधडीत नवी चादर पाणी न दाखवता शिवली गेली, लोणच्यात जायला नको ते पाणी गेलं, आणि आमरस हा मुळात पाणीदार पदार्थ असूनही तो लोणच्यासारखा आपोआप टिकेल असं धरलं गेलं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. गोधडीचं काम सर्वांत मोठं, म्हणून आधी ती.

पॉलिस्टर आणि सूत एका गोधडीत घालू नका. नवं सुती कापड पहिल्या धुण्यांत शेकडा 3 ते 5 आटतं. गोधडी सात फूट लांब धरली तर ती 84 इंच. त्यावर 5 टक्के म्हणजे सुमारे चार इंच. तुमची खालची चादर चार इंच आटली, मधली जुनी लुगडी आधीच शंभर वेळा धुतलेली म्हणून जागची हलली नाहीत, आणि वरचं पॉलिस्टर आटतच नाही. तिघं एकाच दोऱ्याने बांधलेले, मग चुण्या पडणारच. शिवाय पॉलिस्टर सुईखाली सरकतं आणि घाम शोषत नाही. गोधडीची ऊब थरांमधल्या हवेची असते आणि तिचा मऊपणा विरत आलेल्या सुताचा. म्हणून जुनी सुती लुगडी हेच तिचं खरं कापड. एखादं नवं कापड लावायचंच असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच घ्या. नव्या कापडाची खळही त्यात निघून जाते. खळ राहिली की पेटीत कसर लागते.

रंग जातो का, हे शिवण्याआधी बघा. ओला पांढरा फडका कापडावर दाबून चोळा. फडक्याला रंग लागला तर ते कापड मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका; पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, आणि तरीही जात असेल तर बाजूला ठेवा. लाल आणि गडद निळ्या काठांवर हा फडका नक्की चोळून बघा.

आता कापडाचा हिशेब. नऊवारी लुगडं साधारण 8.2 मीटर लांब असतं आणि पन्हा 1.15 मीटरच्या आसपास. एका माणसाची गोधडी 5 बाय 7 फुटांची धरा. लुगड्याचे लांबीत 1.6 मीटरचे तुकडे पाडले तर एका लुगड्यातून पाच निघतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की 1.6 मीटर रुंद आणि जवळजवळ 2.3 मीटर लांब असा एक थर होतो. दुमड आणि शिवणीत जाणारं धरूनही 5 बाय 7 सुखाने बसते. म्हणजे दोन लुगड्यांत पाच थर. कोकणात आणि देशावर नेहमीच्या थंडीला पाच थर पुरतात. घाटमाथ्यावर सात घाला, त्याहून जास्त नको, कारण सुई जात नाही आणि धुतलेली गोधडी दोन माणसांनाही उचलवत नाही. असे तुकडे पाडण्याचा आणखी एक फायदा म्हणजे सगळ्या थरांत उभा धागा एकाच दिशेला राहतो. उभा आणि आडवा धागा सारखा आटत नाही, त्यामुळे एक थर उभा आणि एक आडवा घातला तर गोधडी तिरकी ओढते.

जोड एकावर एक येऊ देऊ नका. पाचही थर बरोबर मध्ये जोडले तर पोटाखाली दोरखंडासारखी कड येते. वरच्या आणि खालच्या थराचा जोड मध्ये असू द्या. आतल्या तीन थरांत एक तुकडा कमी आणि दुसरा जास्त करून जोड वर किंवा खाली हलवा. आतले जोड शिवायचीही गरज नाही, दोन बोटं एकमेकांवर चढवून ठेवले की पुरे. लुगड्याचा बसण्याचा भाग सर्वांत विरलेला असतो, तो आत जाऊ द्या. पदर आणि काठाजवळचं घट्ट कापड बाहेर. हात लावताच फाटणारं कापड आतही घालू नका, वर्षभरात त्याचे गोळे होतात.

मधला फुगारा कुठून आला? गोधडी कडेने सुरू करून आत आत चौकोनी फेऱ्यांनी शिवतात, तशीच तुम्ही शिवली असणार. पद्धत बरोबर आहे, पण त्यात प्रत्येक फेरीबरोबर सैल कापड आत ढकललं जातं आणि शेवटी मधे कोंडतं. म्हणून आधी कच्चा दोरा घालावा लागतो, आणि तो मधून बाहेर. स्वच्छ जमिनीवर खालचा थर उलटा अंथरा, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. एकेक थर अंथरताना तळहाताने मधून कडेकडे झोळ काढत या. शेवटचा थर सुलटा टाकल्यावर मध्यापासून चार कडांकडे अधिक चिन्हासारखे लांब टाके घाला, मग कोपऱ्यांकडे, आणि मग दर वीतभर अंतरावर आडवे. हे काम गोधडी जमिनीवर असतानाच करायचं, मांडीवर घेऊन नाही. दोन बायकांनी समोरासमोर बसून केलं तर दोन तासांत होतं आणि पुढचे तीन आठवडे सुखाचे जातात. हा कच्चा दोरा टाळण्याकडे कल असतो, कारण तो शेवटी काढून टाकायचा असतो. तरीही गोधडी सपाट होणार की नाही, ते इथेच ठरतं.

कड बंद करण्यासाठी वरचा थर आत आणि खालचाही आत दुमडून टीप मारा, किंवा लुगड्याचा काठ कापून त्याचा गोट लावा. गोट बरा. कड आधी झिजते, आणि झिजलेला गोट उसवून नवा लावता येतो.

दोरा सुती आणि जाड घ्या. दोऱ्याची लांबी हातभर, फार तर दीड हात. त्याहून लांब घेतला तर प्रत्येक टाक्याला कापडातून ओढला जाऊन पिसतो, गाठी पडतात, आणि वेळ वाचत नाही. मेणाच्या खड्यावरून एकदा ओढून घ्या. सुई लांब आणि मध्यम जाड हवी. पोत्याची दाभण घेतली तर कापडाला भोकं पडतात आणि विरलेलं कापड त्या भोकापासून फाटत जातं. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. टाका अर्धा सेंटिमीटर, दोन टाक्यांमधली जागाही तेवढीच, आणि दोन ओळींमध्ये इंचभर अंतर. पाच थरांत सुईवर एका वेळी तीन टाके भरा. पाच-सहा भरले तर मधले टाके खालच्या थरापर्यंत पोहोचतच नाहीत. दर फेरीला गोधडी उलटून बघा. उलट बाजूला ओळ तुटलेली दिसली तर तिथे आतला थर मोकळा आहे, आणि धुण्यात तो गोळा होईल.

दोरा किती लागेल? 60 इंच गुणिले 84 इंच म्हणजे 5,040 चौरस इंच. ओळी इंच-इंचावर असतील तर शिवण 5,040 इंच, म्हणजे 128 मीटर होते. टाक्यांच्या वरखाली जाण्यात आणि गाठींत 15 टक्के जातात, तेव्हा 150 मीटर आणा. दुहेरी दोऱ्याने शिवणार असाल तर 300. रंगाचा दोरा एकदमच आणा, कारण नंतर तोच रंग मिळत नाही. दोरा ताठ ओढू नका. टाका कापडावर टेकला पाहिजे, रुतता कामा नये. गाठ दोन थरांच्या मधे ओढून लपवा, वर ठेवलेली गाठ धुण्यात सुटते. रोज दोन तास बसलं तर तीन आठवडे धरा.

तयार गोधडी वर्षातून दोनदा धुवा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी. मोठ्या घमेल्यात रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या पाण्यात तासभर भिजवून पायाने तुडवा, पिळू नका. पाच थरांची गोधडी कोरडी दोन किलोच्या आत-बाहेर असते, पण ओली कितीतरी जड होते. ती तारेवर टाकली तर सगळा भार तारेवरच्या ओळींवर येतो आणि टाके तुटतात. भिंतीवर, बाजेवर किंवा स्वच्छ खडकावर पसरून दोन्ही बाजूंनी दिवसभर ऊन द्या. दुसऱ्या दिवशी हात आत दाबून बघा. वरून कोरडी आणि आत गार लागली तर अजून ओली आहे. तशीच घडी घातली तर काळे डाग पडतात, आणि ते कधीच जात नाहीत.

तुमची फसलेली गोधडी टाकू नका. पॉलिस्टर आणि चादर उसवून काढा, आतली लुगडी नव्या गोधडीच्या आत जातील.

लोणच्याकडे येऊ. पांढरं म्हणजे काय ते आधी नीट बघायला हवं. बरणीच्या गळ्याशी पांढरे खरखरीत कण असतील तर ते मीठ आहे, काही बिघडलेलं नाही. पातळ, सपाट, सायीसारखा थर असेल, फोड कडक असेल आणि वास स्वच्छ असेल, तर तो थर काढून मीठ आणि तेल वाढवा आणि पहिल्यांदा तीच बरणी संपवा. केसाळ, हिरवट किंवा काळी बुरशी असेल, फोडी लिबलिबीत झाल्या असतील किंवा आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर सगळं फेकून द्या. वरचं काढून खालचं खाऊ नये, बुरशीची मुळं आत गेलेली असतात.

पाण्याबरोबरच चूक बहुधा मिठातही झाली असणार. एक किलो फोडींना 180 ते 200 ग्रॅम मीठ लागतं आणि ते वजन करूनच घ्यायला हवं. जाडं मीठ आणि बारीक मीठ एकाच वाटीत वेगवेगळ्या वजनाचं बसतं. जाडं मीठ वाटीने मोजलं की लोणच्यात मीठ कमी पडतं, पंधरा दिवसांत ते फसफसतं. बाकीचं एका किलोला असं: मोहरीची डाळ 100 ग्रॅम, तिखट 80 ते 100, हळद 25, तेलात तळून कुटलेली मेथी 15, हिंग 10, आणि शेंगदाण्याचं तेल 300 मिलिलिटर, शिवाय वर ओतायला वेगळं.

कैरी गावठी आंबट किंवा राजापुरी घ्या, आणि बाठ धरलेली. आत कोय कडक झालेली असेल तर अडकित्त्याने फोड करताना तिच्या कवचाचा तुकडा फोडीला चिकटून राहतो आणि फोड वर्षभर ताठ राहते. कोवळ्या कैरीचं लोणचं गाळासारखं होतं. पहिला पाऊस पडून गेलेली कैरी पाणी धरते, म्हणून मृगाच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, हे काम उरका. धुतलेली कैरी पुसून तासभर पंख्याखाली ठेवा. देठाच्या खळग्यात पाणी राहतं, तिथे फडक्याचं टोक फिरवा.

फोडींना मीठ-हळद लावून एक दिवस झाकून ठेवा. सुटलेला खार गाळून घ्या, फोडी सुती कापडावर सावलीत चार-पाच तास पसरा, आणि मसाला कालवताना तो खार परत घाला. खार फेकून दिला तर त्याच्याबरोबर बरंच मीठ जातं. बऱ्याच घरी ही चूक होते, आणि दोष मात्र बरणीला किंवा विटाळ-शिवाशिवीला दिला जातो. मोहरीची डाळ तशीच घाला, मिक्सरमध्ये पीठ केलं की कडवटपणा येतो. तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करा.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची हवी. धुऊन दिवसभर उन्हात वाळवा, मग निखाऱ्यावर चिमूटभर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरून धुरी द्या. लोणचं भरल्यावर तेल फोडींच्या बोटभर वर दिसलं पाहिजे. तेल स्वतः काही मारत नाही, ते हवा अडवतं, म्हणून तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीलाच बुरशी लागते. फोडी तेल पितात, तेव्हा चौथ्या आणि आठव्या दिवशी बघून तापवून गार केलेलं तेल आणखी घाला. तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडकं, बांधा. रोजच्या वापराचं छोट्या बरणीत काढा आणि मोठी बरणी पंधरा दिवसांतून एकदाच, कोरड्या हाताने आणि कोरड्या डावाने उघडा.

आमरसाबद्दल काळजीपूर्वक वाचा, कारण इथे चूक नुसती चवीची नसते. झाकण फुगलेल्या तिन्ही बाटल्या न चाखता टाकून द्या, गुरांनाही घालू नका. त्याच दिवशी भरलेल्या बाकीच्या बाटल्याही टाका. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष करणारे जिवाणू बंद, हवा नसलेल्या जागेतच वाढतात, आणि ते असताना वास किंवा चव बदलतेच असं नाही.

उकळत्या पाण्यात बाटल्या ठेवून टिकवण्याची पद्धत फक्त आंबट पदार्थांना चालते. त्याची सीमारेषा पीएच 4.6 आहे (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट). त्याखाली हे जिवाणू वाढू शकत नाहीत. त्याहून वर असेल तर त्यांचे बीजाणू 100 अंशांत मरत नाहीत, त्याला दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. पिकलेला आंबा या रेषेच्या आसपास असतो, आणि फार पिकलेला, गोड झालेला वर जातो. म्हणून आमरसात आंबटपणा घालावाच लागतो: एक किलो रसाला 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, काट्यावर तोलून, चमचाभर पाण्यात विरघळवून. छोटं पीएच मीटर घेतलं तर उत्तम, आकडा 4 च्या खाली आला पाहिजे. रंगीत रसात कागदाची पट्टी नीट वाचता येत नाही. थोडी साखर घातली म्हणून रस टिकत नाही. साखरेने टिकायला ती मुरांब्याइतकी, शेकडा 65 च्या वर लागते.

बाटल्या अर्ध्या लिटरच्या किंवा लहान घ्या. आमरस दाट असतो, उष्णता मध्यापर्यंत हळू पोहोचते, आणि मोठ्या बाटलीचा गाभा थंडच राहतो. झाकणं नवी हवीत. जुन्या झाकणाच्या आतल्या रबरी कडेवर पहिल्या बाटलीचा वळ उमटलेला असतो, ते दुसऱ्या तोंडावर बसत नाही. तुमच्याकडे हवा तिथूनच आत गेली असावी. बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि गरमच ठेवा. रस स्टीलच्या पातेल्यात, तळाला लागू न देता 85 अंशांपर्यंत तापवा. लांब दांड्याचा डाव वापरा, कारण दाट रस अंगावर उडतो आणि चिकटून भाजतो. गरम रस गरम बाटलीत भरा, वर एक ते दीड सेंटिमीटर जागा सोडा, लाकडी काडीने आतली हवा काढा, तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि झाकण लावा.

मग तळाशी जाड फडकं घातलेल्या मोठ्या पातेल्यात बाटल्या एकमेकींना न टेकता उभ्या करा. पाणी गरम हवं, गार पाण्यात गरम बाटली तडकते. झाकणांच्या वर इंचभर पाणी असू द्या. खळखळून उकळी आल्यापासून 30 मिनिटं मोजा. हे समुद्रकाठच्या गावाला. उंचीवर पाणी लवकर उकळतं, दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. पुण्याच्या उंचीला 5 मिनिटं जास्त द्या, महाबळेश्वरच्या उंचीला 10. बाहेर काढून लाकडी फळीवर, वारा लागणार नाही अशा जागी ठेवा. गार होताना आतली वाफ आटते आणि झाकणाचा मध्य आत ओढला जातो. दुसऱ्या दिवशी तिथे बोटाने दाबा. टक्कन खालीवर झालं तर बाटली बसलेली नाही, ती फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. बसलेल्या बाटल्यांवर तारीख लिहा, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, पुढच्या हंगामाआधी संपवा. तोलायला काटा नसेल तर बाटल्या भरू नका, रस गोठवून ठेवा.

याच पद्धतीने मटार, मक्याचे दाणे, शेवगा किंवा शिजवलेली डाळ बाटलीत भरायचा विचार करू नका. त्यांचा आंबटपणा फार कमी आहे, आणि घरातला कुकर 121 अंशांपर्यंत गेला तरी बाटलीच्या गाभ्यात ती उष्णता किती वेळ राहिली हे त्यावरून कळत नाही. भाज्या वाळवा, सुकलेल्या भाजीत जिवाणूंना पाणीच मिळत नाही. बाटलीचीच हौस असेल तर रातांबे घ्या. बिया काढलेल्या एक किलो सालींना दोन किलो साखर, काचेच्या बरणीत थरावर थर देऊन, तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवली की अमृतकोकम तयार होतं. साखर आणि रातांब्याचा कडक आंबटपणा दोन्ही मिळून ते टिकवतात, उकळावं लागत नाही. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र त्याच्या जवळ आणू नका.

क्रम असा लावा. चैत्रात लुगडी धुऊन, वाळवून, कापून ठेवा आणि कच्चा दोरा घालून घ्या. आंबा उतरायला लागला की सकाळी बाटल्या आणि दुपारच्या झळांत सावलीला बसून गोधडीच्या फेऱ्या. लोणच्याची कैरी वैशाखाच्या शेवटी आणा. ज्या दिवशी लोणचं कालवाल त्या दिवशी घरात दुसरं ओलं काम काढू नका, आमरसाच्या बाटल्याही त्या दिवशी नकोत.